नानांचा आकडा आणि कंपवाताची गोळी

अमळनेरला आमचं मेडिकल आहे. काउंटरवर बसून बहुतेक गिऱ्हाइकांचा आजार आधी कळतो, स्वभाव नंतर. नानांचं उलटं होतं. उभी हयात एसटीत ड्रायव्हर, चहासुद्धा उधारीवर न पिणारा माणूस. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) रिटायर झाल्यावर कंपवात निघाला. डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल ही कंपवाताची गोळी सुरू केली, डोस वाढवला, तसा हात बराच शांत झाला. पुढे एकदा काकू गोळ्या घ्यायला आल्या, त्या पोत मोडून आलेल्या पैशांतून. नाना आकडा लावत होते. ओपन लावायचा, क्लोज लावायचा, आणि मधल्या वेळात नातवाच्या मोबाइलवर पैशांची रमी. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा 2025 चा कायदा तेव्हा यायचा होता.

गल्लीनं निदान करून टाकलं: म्हातारपणी चळ लागला. मुलानं बोलणं टाकलं. नाना मला एवढंच म्हणाले, "समजस सम्दं, पन हात ऱ्हास नही, भाऊ." म्हणजे कळतं सगळं, पण हात राहत नाही.

मला ते अगदी नेमकं वाटलं. कारण जुगाराची अनावर ओढ हा या औषधाचा दुष्परिणाम त्याच्या माहितीपत्रकात चक्क छापलेला असतो. वाचतो कोण?

कंपवातात मेंदूतल्या डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि प्रॅमिपेक्सोल त्या डोपामिनची नक्कल करतं. पण सगळीकडे सारख्या नाही. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग असतो; त्याचा हालचाल सांभाळणारा वरचा भाग आधी कोरडा पडतो. हव्यास, आशा, बक्षीस यांच्याशी जोडलेला खालचा भाग त्या मानानं बरा असतो. शेताच्या टोकाच्या केळीला पाणी पोचावं म्हणून मोटर जोरात सोडली की जवळच्या वाफ्यात तुंबतं, तसं काहीसं. हात थांबावा म्हणून दिलेला डोस या खालच्या भागाला जास्त होतो. त्यात प्रॅमिपेक्सोल डोपामिनच्या डी-3 रिसेप्टरला (पेशीवरची डोपामिन चिकटायची एक जागा) विशेष घट्ट चिकटतं, आणि ते रिसेप्टर नेमके तिथंच दाट असतात.

आता आकड्याचं. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं, की डोपामिनच्या पेशी अनपेक्षित रस मिळाला की पेटतात, आणि सवय झाल्यावर रसाची नुसती खूण दिसली तरी पेटतात. खूण दिसूनही रस आला नाही, तर त्यांचा आवाज क्षणभर खाली जातो. हरल्यावर मन खट्टू होऊन हात मागे यायला ही घसरण लागते. गोळी मात्र रिसेप्टरवर दिवसभर बसलेली असते, त्यामुळे ती घसरण जाणवतच नसावी, असा एक तर्क आहे. मला तो पटतो. नाना हरल्याचं सांगत, पण चेहऱ्यावर हार दिसायची नाही. "एकनं हुकला," म्हणायचे, जणू निम्मा जिंकलाच. त्यातही तथ्य आहे: थोडक्यात हुकलं की जिंकल्यावर जागे होतात त्यातलेच काही भाग जागे होतात, हे 2009 मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलंय.

(आकड्याची सुरुवातही न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून झाली. खान्देशी माणसाला कापसाच्या भावाचा जुगार वेगळा शिकवायला नको, ते जाऊ द्या.)

अमेरिका-कॅनडातल्या कंपवाताच्या 3090 रुग्णांची पाहणी 2010 मध्ये छापून आली. जुगार, खरेदी, खाखा किंवा कामवासना, यातलं एक तरी अनावर झालेले 13.6 टक्के निघाले. प्रॅमिपेक्सोलसारखी डोपामिनची नक्कल करणारी औषधं घेणाऱ्यांत 17.1, न घेणाऱ्यांत 6.9. म्हणजे गोळी घेणारा प्रत्येक जण आकडा लावत नाही. पूर्वीपासून जुगाराची आवड, घरात कुणाला व्यसन, कमी वय, यानं धोका वाढतो. गोळीशिवायच्या जुगारातही मेंदूतल्या डोपामिनच्या याच वाटा गुंतलेल्या असतात. म्हणूनच अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी 2013 मध्ये जुगाराला चोरीच्या अनावर ओढीच्या पंगतीतून उठवून दारू-अफूच्या शेजारी बसवलं.

काकूंना मी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी डोस हळूहळू उतरवला, लेव्होडोपा (मेंदूत ज्याचं डोपामिन बनतं ते औषध) वाढवलं. हाताचा कंप थोडा परतला, आकडा सुटला. मुलगा अजून म्हणतो, "गोळीचं ठीक आहे, पण पैसे यांनीच लावले ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता कुणी प्रॅमिपेक्सोल किंवा त्याच गटातलं रोपिनिरोल न्यायला आलं, की मी बरोबरच्या बाईमाणसाला बाजूला घेऊन विचारतो: खर्च वाढलाय का, रात्री जागतात का, मोबाइल लपवतात का? पेशंट स्वतः सांगत नाही, आणि कामवासनेचं तर घरचेही सांगत नाहीत. एक मात्र बजावतो: गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, त्यानं अंग आखडतं, जीव घाबरा होतो. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडेच जायचं.