टीपीओ १३०० च्या वर आलं तेव्हा

भर एप्रिलात देवगडात मला थंडी वाजत होती. खळ्यात सगळे घामाने निथळत आंब्याच्या पेट्या भरतायत आणि मी म्हणते पंखा बंद करा. आवाज घोगरा, न्हाणीच्या जाळीत रोज केसांचा गुंता, दोन पेट्या भरल्या की खाली बसायचं. सगळे म्हणाले सीझनचा थकवा, मीही तेच धरून बसले.

पाऊस लागल्यावर एकदाचं थायरॉईडच्या तपासणीला रक्त दिलं. टीएसएच (थायरॉईड मंदावलं की वाढणारं हार्मोन) ३८, जी साधारण ४ च्या आत हवी, फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन) कमी, कोलेस्ट्रॉल वाढलेलं आणि अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी, त्यासमोर "१३०० पेक्षा जास्त". बाकी काही दिसेचना मला. सासूबाई म्हणाल्या, "अगो, येवढो आकडो?" नॉर्मल ३५-४० तर आपलं किती पट, हा हिशोब रात्री दोनपर्यंत.

फोंडा घाटातून एसटीने कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांनी टीपीओवर एक नजर टाकली आणि बोट टीएसएचवर ठेवलं. म्हणाले, टीपीओ फक्त कारण सांगतं, की तुमचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उठलीय. हाशिमोटो म्हणतात ह्याला, १९१२ मध्ये एका जपानी डॉक्टरने लिहून ठेवलेला आजार. ग्रंथी किती दमलीय ते टीएसएच आणि टी४ वरून कळतं, डोसही त्यावरच. मी विचारलं, मग टीपीओ कमी करायला काय खाऊ? "काही नको, आणि ती टेस्ट परत करू पण नका, पैसे वाचवा." खरंच आहे ते, आमच्या शेजारच्या वहिनींचं टीपीओ १५० च्या आसपास आणि गोळीचा डोस माझ्यापेक्षा मोठा.

गोळी म्हणजे टी४च, ती सकाळी उपाशीपोटी, मग अर्धा-पाऊण तास चहा नाही (हे सगळ्यात जड गेलं), कॅल्शियमची गोळी चार तासांनी. टी४ चा साठा रक्तात निम्मा व्हायलाच आठवडाभर जातो, म्हणून पुढची टेस्ट सहा ते आठ आठवड्यांनी.

ती केली तर टीएसएच एकदम ०.१ आणि टी४ वर! इकडच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट बघून डोस निम्मा केला, पण मला तर थंडी तशीच वाजत होती. कोल्हापूरला फोन केला तर पहिला प्रश्न, "केसांसाठी काही घेता का?" घेत होते ना, मेडिकलमधून आणलेल्या बायोटिन ह्या व्हिटॅमिनच्या गोळ्या, १० मिलिग्रॅमच्या. काही मशीनवर बायोटिनमुळे टीएसएच खोटी कमी आणि टी४ खोटं जास्त दिसतं म्हणे. हे लॅबमध्ये कोणी विचारत नाही, फॉर्मवर तसा रकानाच नाही! त्या गोळ्या बंद करून आठवड्याने परत रक्त दिलं, टीएसएच ११. डोस परत पूर्ववत, नंतर थोडा वाढवला.

आता २.८ वर आहे. केस अजून जातात, पण जाळी रोज साफ करावी लागत नाही. मागच्या खेपेला लॅबवाला पोरगा हाताला पट्टा बांधता बांधता म्हणाला, ताई पॅकेज घ्या ना, टीपीओ पण येतं त्यात. म्हटलं नको रे बाबा, तू नुसतं टीएसएच काढ.