आईच्या हाताला येईल असा खण

कॅनडातल्या ओटाव्यात हे घर घेतलं तेव्हा ओट्याखालच्या कपाटाचे खण पार गेले होते. भुशाच्या दाबीव फळ्या ओलीने फुगलेल्या, तळ खाली लोंबणारे. तयार खण आणता आले असते. पण मला सुतारकाम शिकायला लागून तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि घरात रोज हाताळायची एक तरी वस्तू स्वतः घडवावी असं फार मनात होतं. म्हटलं, हे खण मी करणार.

आमच्याकडे स्वयंपाक बहुतेक नवराच करतो, म्हणून नकाशा त्याला विचारूनच काढला. कपाटाची उंची तीस इंच, म्हणून दहा-दहा इंचांचे तीन खण. दोघांनाही पटलं.

लाकूड घेतलं मेपलचं, ज्या झाडाच्या रसापासून इथे सिरप करतात त्याच जातीचं. फिकट, गुळगुळीत आणि सागापेक्षा बरंच कठीण. कॅनडाने १९७० च्या दशकात मेट्रिक मापं स्वीकारली, पण लाकडाच्या वखारीत अजून इंच आणि बोर्ड फूटच चालतात. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड म्हणजे एक बोर्ड फूट. असे बारा झाले की आपल्याकडच्या वखारीतला एक घनफूट होतो. हा हिशेब जुळला तेव्हा मला त्या परक्या दुकानात एकदम ओळखीचं वाटलं होतं. लहानपणी घरी कपाटं करायला मिस्त्री महिनाभर येत, तेव्हा रंध्याखालून निघणारी सालं गोळा करणं हा माझा उद्योग असे. इथे तळघरात पहिल्यांदा रंधा मारला आणि तसंच लांब, पातळ साल वर आलं, तेव्हा वास मात्र वेगळा होता. साग तेलकट वास देतो, मेपल जरासा गोडसर.

फळ्या कापायच्या आदल्या रात्री नवऱ्याने वर्तमानपत्र जमिनीवर पसरलं, त्यावर खणाची चौकट आखली आणि आत डबे मांडून पाहिले. मिसळणाचा डबा जेमतेम तीन इंच उंच. दहा इंचांच्या खणात त्याच्यावर दुसरं काहीतरी ठेवलं जाणारच, मग फोडणी करताना कोण उपसत बसणार? त्याचं म्हणणं खरं होतं. नकाशा बदलला: पाच, दहा, पंधरा.

बाजूच्या फळ्या कापून झाल्यावर तो पुन्हा तळघरात आला. पंधरा इंचांच्या खणात डब्यावर डबा चढेल, खालचा कधीच हाताशी येणार नाही. दुपारभर त्याने स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्याची उंची मोजली होती. मग पंधराचे बारा केले, दहाचे आठ केले आणि चौथा पाच इंचांचा खण करायला आणखी लाकूड आणलं. पाच, पाच, आठ, बारा. तेव्हा मी चिडले होते, हे लिहिते आहे कारण ते तसंच होतं.

मग सांध्यांचं काम सुरू झालं. इथे त्याला डव्हटेल म्हणतात, कबुतराच्या शेपटीसारखा आकार म्हणून. बाजूच्या फळीच्या टोकाला शेपट्या कापायच्या आणि दर्शनी फळीत त्यांना नेमक्या बसतील अशा खाचा. शेपटी टोकाशी रुंद असते, म्हणून खण कितीही वेळा ओढला तरी दर्शनी फळी निघून हातात येत नाही. आखणी पेन्सिलने करायची नाही, सुरीने करायची. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेत पटाशीची धार स्वतःहून बसते. चार खणांचे सोळा कोपरे. एकेका कोपऱ्याला माझी एक संध्याकाळ जाई. एक खण जानेवारीत गॅरेजमध्ये चिकटवला आणि थंडीने गोंद खडूसारखा पांढरा पडला. तो सगळा खरवडून तळघरात, उबेला, पुन्हा चिकटवावा लागला.

आणि ज्यावर माझा सगळ्यात जीव होता ती गोष्ट: चारही दर्शनी फळ्या मी एकाच मोठ्या फळीतून कापल्या होत्या. वरच्या खणावर सुरू झालेली लाकडाच्या रेषांची लाट खालच्या खणापर्यंत अखंड उतरत होती.

मार्चमध्ये सासूबाईंचं मे महिन्याचं तिकीट पक्कं झालं. त्या रात्री नवरा पायरीवर बसून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अगं, पिठाचा आणि तांदळाचा डबा तळाच्या खणात येतोय. आईला गुडघ्यामुळे खाली वाकता येत नाही. आणि इथे आल्यावर ती पोळ्या केल्याशिवाय राहणार नाही."

बारा इंचांचा खण वर दुसरा आणायचा, म्हणजे लाट तुटणार. दोन दिवस मी तळघरात उतरले नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला ओट्यापाशी बोलावलं आणि तो स्वतः गुडघा न वाकवता तळाचा डबा काढायचा प्रयत्न करून दाखवू लागला. मी पेचकस घेतला. आतल्या लाकडी पट्ट्या, ज्यांवर खण सरकतात, त्या सोडवल्या आणि नव्या जागी बसवल्या. पाच, बारा, पाच, आठ. पट्ट्यांना मेण घासलं. बाजूच्या फळ्यांवर मी थोडी जास्तच फट सोडली होती, कारण इथे हिवाळ्यात हीटरने घरातली हवा कोरडी ठणठणीत होते आणि लाकूड आकसतं. जुलैच्या दमट हवेत बारा इंच रुंद मेपल तीन-चार मिलिमीटर फुगू शकतं. फेब्रुवारीत चपखल बसवलेला खण उन्हाळ्यात उघडतच नाही.

सासूबाई आल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी सहाला स्वयंपाकघरातून खण सरकल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर त्या ओट्यापाशी ताठ उभ्या होत्या, एका हाताने खण धरलेला, दुसऱ्या हाताने डब्यातून कणीक काढत होत्या. लाट जिथे तुटली आहे तिथे त्यांचा अंगठा टेकलेला होता. तिथे आता पिठाचा एक पुसट डाग पडला आहे. मी तो घासून काढलेला नाही.

तळाच्या खणात कढया आहेत. त्या नवरा काढून देतो.