दारातून सरळ आलेलं ऊन

मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५. फोंडा.

काल घटस्थापना झाली आणि कालच रात्री अकरा वाजून एकोणपन्नास मिनिटांनी शरद संपात झाला. सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे गेला. घट तिथीवर बसतात, संपात सूर्याच्या हिशोबाने होतो, म्हणून दोन्ही एकाच दिवशी यायचा योग नेहमीचा नाही. आश्विन कालच लागला, म्हणजे पंचांगातला शरद ऋतूही कालपासूनच. मला या गोष्टीचा फार आनंद झाला.

आमचं घर नीट पूर्वेकडे तोंड करून आहे. मार्चमध्ये आणि आता, असं वर्षातून दोनदाच सकाळचं ऊन तिरकं न होता दारातून सरळ आत येतं, थेट देवघरापर्यंत. आजी म्हणायची, आज सूर्य पाया पडायला आला. काल ढग होते. आज मात्र पाच मिनिटं ऊन पडलं, आणि समईची सावली मागच्या भिंतीवर अगदी मधोमध उभी राहिली. आजीची फार आठवण आली.

दुपारी पुतण्याला घेऊन अंगणात मीटरभर काठी रोवली. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळातल्या बाराला नाही, या दिवसांत साडेबाराला तीन-चार मिनिटं कमी असताना. तेव्हा सावली भरली अठ्ठावीस सेंटीमीटर. त्यावरून कोन काढला तर साडेपंधरा अंश, म्हणजे गोव्याचे अक्षांश. "काकी, काठीने गोवा सापडला!" म्हणून पोरगं नाचलं. दिवसभर सावलीच्या टोकांवर खडे ठेवत गेलो, ते जवळजवळ एका सरळ रेषेत आले. हे असं संपाताच्या आसपासच होतं.

दिवस-रात्र मात्र अजून तंतोतंत सारखे नाहीत. हवेत प्रकाश वाकतो आणि सूर्याची वरची कड दिसली की आपण उगवला म्हणतो, त्यामुळे दिवसाला पाच-सात मिनिटं जास्तच मिळतात.

शरद म्हटलं की पुस्तकांत पिवळी पानं गळतात. आपल्याकडे पानगळ शिशिरात. आत्ता साग हिरवागार आहे. गोव्यात शरद बघायचा तर मळ्यात जावं. पावसाळी भाताला आपण सरद म्हणतो, हिवाळ्यातल्याला वायंगण. ऋतूचंच नाव पिकाला देणारी आपली माणसं मला फार शहाणी वाटतात. संध्याकाळी बांधावरून गेले. लोंब्या नुकत्या वाकायला लागल्यात. एक दाणा नखाने दाबला तर पांढरं दूध आलं, बोटाला चिकटलं, चाटलं तर किंचित गोड. खालचे दाणे अजून पोकळ होते, वरचे घट्ट व्हायला लागलेले. एकाच लोंबीत वर-खाली आठवड्याचं अंतर.

आता भीती परतीच्या पावसाची. हस्त नक्षत्र लागायला चार दिवस आहेत. दुपार टळली की गडगडतं, आणि एक जोराची सर भात आडवं करते. आडवं झालेलं भात कापताना काय हाल होतात ते गेल्या वर्षी भोगलंय.

रात्री कवळ्याच्या देवळात गेलो. कीर्तन संपलं, वाद्यं सुरू झाली, शांतादुर्गेला बसवलेलं मखर झोक्यासारखं हलायला लागलं. हात जोडले तर नखाखाली अजून ते दूध वाळलेलं होतं.