खांबाचा पाय कुजला तर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या ओसरीला चार सागवानी खांब आहेत, त्यातल्या एकाचा पाय यंदा पावसाळ्यात कुजलेला निघाला, वरून बघाल तर खांब एकदम ठणठणीत पण खाली तळखड्याजवळ, म्हणजे खांबाखालच्या दगडाजवळ, पेचकस टोचला तर सरळ आत. एक ठेकेदार म्हणाला चारही काढा अन सिमेंटचे कॉलम टाका. मला काही ते पटून नव्हतं राहिलं.

त्याच आठवड्यात लंडनहून ताईने ग्रीनस्टेडच्या चर्चचे फोटो पाठवले, अन तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे. एसेक्समध्ये ऑंगर गावाजवळचं हे खेड्यातलं चर्च, जगातलं सगळ्यात जुनं लाकडी चर्च म्हणतात याला. लोक बसतात त्या भागाच्या भिंती म्हणजे ओकचे ओंडके, उभे चिरलेले, गोल बाजू बाहेर अन सपाट बाजू आत, एकाला लागून एक. दोन ओंडक्यांच्या मधे खाच पाडून लाकडाचीच पट्टी सरकवलेली, की वारापाणी आत यायला नको. किती साधं काम अन किती पक्कं!

बाकीचं चर्च नंतर जोडत गेलेलं आहे, पूजेच्या जागेकडचा विटांचा भाग ट्यूडर काळातला, साधारण १५०० चा, छपरातल्या खिडक्याही तेव्हाच आल्या, मनोऱ्यातल्या घंटेवर १६१८ साल आहे. पण माझा जीव अडकला तो ओंडक्यांत.

कारण त्यांचेही पाय कुजले होते. १८४८ च्या दुरुस्तीत सगळ्या ओंडक्यांची कुजलेली खालची टोकं कापली, खाली विटांचं जोतं बांधलं, त्यावर ओकची नवी आडवी तुळई टाकली अन जुने ओंडके परत त्यावर उभे केले. भिंतीची उंची तेवढी गेली, त्याचं मला वाईट वाटतंच, पण तेव्हा तसं केलं नसतं तर आज ताई कशाचे फोटो काढणार होती?

अन वय कसं काढलं तेही ऐका. खोडातल्या वर्तुळांवरून, वर्षाला एक वर्तुळ वाढतं. १९६० मध्ये ८४५ साल निघालं होतं, १९९५ ला परत तपासलं तर वर्तुळं १०५३ सालापर्यंत पोचली. सालीलगतचं कच्चं लाकूड राहिलेलं नाही, म्हणून त्यात आणखी १० ते ५५ वर्षं धरतात. म्हणजे झाड अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोडलं, किंवा फार तर ११०८ पर्यंत.

काल मिस्त्रीकाका आले, त्यांना ताईचे फोटो दाखवले. खूप वेळ झूम करून बघत होते, मग म्हणाले, "हे तर आपलंच काम हाय ना बापा." मग खाली जॅक लावला, नऊ इंच कापलं, तेवढाच जुन्या सागवानाचा तुकडा खालून सांधला, अन तळखडा होता तोच ठेवला.

कापलेल्या तुकड्यातला वरचा धड भाग मी टाकू दिला नाही. घासून घेतलाय, सुई घेऊन वर्तुळं मोजतोय, सध्या त्रेसष्टवर आहे अन अजून गाभ्यापर्यंत पोचायचं आहे.