पूजा नक्की कोणत्या टेबलाची करायची?

सकाळी सव्वानऊला खुर्चीवर टेकले आणि खुर्ची कोमट लागली. रात्रपाळीचा कुणी सपोर्टवाला नुकताच उठून गेला असणार, कारण खुर्ची पार तळाला गेलेली आणि मॉनिटर छताकडे बघत असलेला. दांडी ओढून खुर्ची वर घेतली, मॉनिटर खाली वाकवला, माऊस पुसला आणि मग कळलं की या टेबलाची एचडीएमआय वायर गायब आहे. शेजारच्या रिकाम्या टेबलाची काढून आणली. (उद्या तिथे जो बसेल तो त्याच्या शेजारची काढेल. सहा महिन्यांत एक वायर अख्खा मजला फिरून येते.)

'हॉट डेस्क' (म्हणजे कुणाच्याच नावचं नसलेलं, रोज मिळेल ते टेबल) हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हॉट म्हणजे काहीतरी भारी असणार. तसं काही नाही. पाणबुडीत जागा कमी, म्हणून दोन-तीन खलाशांत मिळून एक बिछाना असतो. एक कामावर गेला की दुसरा येऊन आडवा होतो आणि बिछाना आधीच्याच्या अंगाने अजून गरम असतो. त्या 'हॉट बंक'वरून हा शब्द आला असं सांगतात. त्या सकाळी मला तो नीट समजला.

मी सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिते. कुणी वाचत नाही, पण लिहावी लागतात. २०२२ मध्ये आमचं ऑफिस पुन्हा उघडलं तेव्हा कंपनीने हिंजवडीतल्या तीन मजल्यांपैकी दोन सोडून दिले होते. प्रत्येकाने आठवड्यातून तीन दिवस यायचं आणि दहा माणसांमागे सहा खुर्च्या. दहा त्रिक तीस, भागिले पाच, बरोबर सहा. गणित चोख होतं. फक्त माणसं गणिताप्रमाणे येत नाहीत. सोमवारी कुणाला यायचं नसतं, शुक्रवारी तर नाहीच नाही. मग मंगळवार-बुधवार-गुरुवार हेच तीन दिवस सगळ्यांचे. बुधवारी दहाच्या दहा हजर, आणि शुक्रवारी मजल्यावर क्रिकेट खेळता येईल इतकी मोकळीक.

टेबल ॲपवर बुक करायचं, बुकिंग आठवडाभर आधी रात्री बाराला उघडणार. आता ज्या लोकांची हयात एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात गेली, त्यांच्यापुढे ॲपचं काय चालणार? दोन दिवसांत खुर्च्यांवर जाकिटं लटकली, टेबलांवर पाण्याच्या बाटल्या उभ्या राहिल्या. खिडकीकडच्या एका खुर्चीवर निळं जाकीट आठ महिने होतं. त्याच्या मालकाला तिथून उठवायचं धाडस कुणी केलं नाही. शेवटी कळलं, तो पाच महिन्यांपूर्वीच नोकरी सोडून गेला होता.

अमेरिकेतही हे होऊन गेलंय, तेही आपल्या जवळजवळ तीस वर्षं आधी. लॉस एंजेलिसच्या शायट-डे या जाहिरात कंपनीने १९९४ च्या सुमाराला सगळ्यांची टेबलं काढून घेतली. सकाळी यायचं, काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा, मिळेल तिथे बसायचं. सामानाला एक लॉकर. लॉकरमध्ये फायली मावेनात, तेव्हा लोक गाडीच्या डिकीत ऑफिस थाटू लागले. एक बाई तर लहान मुलांची खेळण्यातली चाकाची गाडी आणून त्यात कागद घालून ऑफिसभर ओढत फिरायची. काही वर्षांत कंपनीने तो सगळा प्रकार गुंडाळला. पण वाईट कल्पनांना पेन्शन नसते, त्या पुन्हा नोकरीला लागतात.

आमच्याकडे सगळ्यांत जास्त हाल झाले ते पॅन्ट्रीच्या मावशींचे. त्यांना आमची नावं कधीच पाठ नव्हती, टेबलं पाठ होती. खांबाजवळचा बिनसाखरेचा, खिडकीतला आल्याचा, प्रिंटरशेजारची कॉफी. टेबलं मोकळी झाली त्या आठवड्यात त्या ट्रे घेऊन मजल्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्हीच या बाई घ्यायला. मला काय समजंना झालंय कोण कुठंय ते." चौदा वर्षांचा त्यांचा नकाशा एका मेलने पुसला.

आणि मग खंडेनवमी आली.

ज्यांनी पुण्यातल्या आयटीत काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे खंडेनवमीला काँप्युटरची पूजा होते, आणि ती अगदी मनापासून होते. सकाळी सगळे आपापलं टेबल पुसतात. वर्षभरात कीबोर्डच्या फटीत साठलेला चिवडा त्या एका दिवशी बाहेर येतो. मॉनिटरच्या डोक्यावर झेंडू, कोपऱ्यात हळदकुंकवाची बोटं, रांगोळी काढायला एखादी हौशी मुलगी, आणि मॅनेजरच्या हस्ते नारळ. वर्षभर ज्या यंत्राला शिव्या घातल्या त्याच्यापुढे त्या दिवशी हात जोडायचे.

२३ ऑक्टोबर २०२३, सोमवार. आमच्या टीमचे सहा जण मुद्दाम आलो होतो आणि सहा जणांना सहा कोपऱ्यांत टेबलं मिळाली होती. पिशवीत फुलं, डबीत कुंकू. एकाने विचारलं, "पूजा नक्की कोणत्या टेबलाची करायची?" दुसरा म्हणाला, लॅपटॉपची करा, तो तर आपला आहे. तोही आपला नाही, तीन वर्षांनी परत द्यावा लागतो, आणि त्याच्यावर कुंकू सांडलं तर आयटीवाले पैसे कापतील. शेवटी प्रत्येकाने त्या दिवशी वाट्याला आलेल्या टेबलाची केली. माझं होतं बी-११७. मी त्या टेबलावर ना त्याआधी कधी बसले होते, ना नंतर बसले. तरी नीट पुसलं, दोन बोटं हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला. हॉटेलच्या खोलीतल्या देवाला नमस्कार करावा तसं वाटलं.

मंगळवारी दसऱ्याची सुट्टी. बुधवारी दुपारी सगळ्या मजल्याला मेल आला, फोटोसकट. टेबलावर 'सेंद्रिय पदार्थाचे अवशेष' सापडले आहेत, स्वच्छ टेबलाचा नियम पाळावा. फोटोत बी-११७ आणि माझा सुकलेला झेंडू. त्या दिवशी तिथे बंगळुरूहून आलेला एक सहकारी बसला होता. मी ओशाळून सॉरी म्हणायला गेले. तो म्हणाला, आमच्याकडे आयुधपूजा असते, मला माहीत आहे, फूल मीच मॉनिटरखाली नीट सरकवून ठेवलं होतं. तक्रार त्याची नव्हतीच. टेबलांची पाहणी करायला एक माणूस ठेवलेला होता, त्याची ती ड्युटी.

घरी आईला हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुझ्या आजोबांना तरी मुंबईत कुठं जागा होती?"

आजोबा देवरुखकडचे. लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. राहायला गावच्या मंडळाची खोली, दहा बाय बाराची, आणि तीत पंधरा-सोळा बाप्ये. सगळे एकदम झोपले असते तर मावलेच नसते. ते मावत, कारण गिरणी तीन पाळ्यांत चालायची. रातपाळीचे परत आले की दिवसपाळीचे निघालेले असत, आणि त्यांच्याच जागेवर पथारी पडे. जेवण खाणावळीत. सुरुवातीची वर्षं तर आजोबा बदली कामगार होते. रोज सकाळी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर काम मिळायचं, नाहीतर माघारी. ॲप नव्हतं एवढाच फरक.

पण आई म्हणाली ते पुढचं महत्त्वाचं. त्या खोलीत जमीन कुणाचीच नव्हती, मात्र भिंत वाटलेली होती. प्रत्येकाची एक खुंटी. तिला सदरा, टोपी, पिशवी. खुंटीखाली ट्रंक, ट्रंकेवर वळकटी. आजोबा गावी दोन महिने गेले तरी त्या खुंटीला दुसऱ्याचा सदरा लागत नसे. दसऱ्याला गिरणीत साच्यांना तोरणं लागत, नारळ फुटत, आणि खोलीवर आल्यावर ते ट्रंकेला फूल वाहत. धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे त्या-त्या गावच्या माणसांनी मिळून राहायच्या खोल्या होत्या, तिथेही अशीच रीत. बोटीवरचे तारवटी महिनोन्महिने समुद्रावर, पण त्यांची ट्रंक भिंतीशी जागच्या जागी. १९८२ च्या संपानंतर आजोबा कायमचे गावी गेले. ती ट्रंक आमच्या माळ्यावर आहे, तीत आता दिवाळीचे आकाशकंदील असतात.

आमच्या तीन कोटींच्या इंटिरिअरमध्ये आर्किटेक्टला खुंटी सुचली नव्हती.

२०२४ मध्ये कंपनीने उरलेला मजलाही सोडला आणि बाणेरला एका को-वर्किंगमध्ये नव्वद खुर्च्या घेतल्या. को-वर्किंग म्हणजे फ्रीलान्सर, स्टार्टअप, बीनबॅग असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. प्रत्यक्षात आमच्यासारख्या जागा सोडलेल्या कंपन्याच जास्त. पुणेकराला हा धंदा एका शब्दात समजेल: पोटभाडेकरू. एकाने अख्खी इमारत लांब मुदतीच्या कराराने घ्यायची आणि खुर्ची-खुर्ची करून महिन्याच्या बोलीवर द्यायची. घाऊक घेऊन किरकोळ विकायचं. जोवर गिऱ्हाईक आहे तोवर झकास. गिऱ्हाईक महिन्याच्या नोटिशीवर उठून जातं, मालकाचं भाडं मात्र वर्षानुवर्षं चालूच राहतं. न्यूयॉर्कमध्ये २०१० मध्ये निघालेल्या वीवर्क या अशाच कंपनीची यातच गोची झाली. २०१९ मध्ये शेअर बाजारात उतरायचा बेत फसला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. आपल्याकडे मात्र अजून भरभराट दिसते. 'ऑफिस' याच उच्चाराची एक कंपनी (इंग्रजी स्पेलिंग जरा नटवं आहे) मे २०२४ मध्ये शेअर बाजारात आली, तेव्हा आमच्या सीए काकांनी दोनदा विचारलं, "अगं, पण कोणत्या ऑफिसचे शेअर?"

को-वर्किंगची मूळ कल्पना इतकी व्यापारी नव्हती. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या प्रोग्रामरने २००५ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आठवड्याचे दोन दिवस एक जागा भाड्याने घेतली. एकट्याने काम करून कंटाळलेल्यांनी यावं, सोबतीने काम करावं एवढंच. पहिला महिनाभर कुणीही फिरकलं नाही. तो माणूस रिकाम्या टेबलांमध्ये महिनाभर एकटा बसला, हे मला त्या सगळ्या गोष्टीत सगळ्यांत आवडतं.

माझा भाचा सदाशिव पेठेत राज्यसेवेचा अभ्यास करतो. तो म्हणाला, मावशी, यात नवीन काय? आमच्या अभ्यासिकेत रिझर्व्ह खुर्चीचा दर वेगळा, अनरिझर्व्हचा वेगळा, लॉकरचे वर. आणि तुमच्यापेक्षा शांतता जास्त.

शांततेचं त्याचं खरं आहे. आमच्या डावीकडे एक वकीलबाई, त्यांचे अशील फोनवर रडतात. उजवीकडे लातूरचे दोन भाऊ ऑनलाइन बियाणं विकतात, आणि पाऊस लांबला की त्यांचा आवाज वाढतो. फोन करायला काचेची खोकी आहेत. आत उभं राहून हातवारे करणारी माणसं बाहेरून मत्स्यालयासारखी दिसतात. रिसेप्शनच्या मागे खणाखणांचं एक कपाट आहे, त्यात टपाल येतं. निम्म्या खणांवरच्या कंपन्यांची माणसं आम्ही कधी पाहिलेली नाहीत. त्यांनी जीएसटी नोंदणीपुरता फक्त पत्ता घेतलाय. म्हणजे एका मजल्यावर नुसती खुर्ची असलेले आम्ही आणि खुर्चीसुद्धा नसलेले ते, असे गुण्यागोविंदाने नांदतो.

तरी खरं सांगते, हिंजवडीपेक्षा मला इथे बरं वाटतं. तिथे 'हे आपलं घर आहे' असं भिंतीवर लिहून बूड टेकायला जागा देत नव्हते. इथे भाडं भरा, बसा, सरळ व्यवहार. आणि रिसेप्शनवर नांदेडची एक मुलगी आहे, हुद्दा कम्युनिटी मॅनेजर, वय फार तर चोवीस. दोन दिवस गेले नाही की तिसऱ्या दिवशी विचारते, "ताई, बरं नव्हतं का?" मोठ्या ऑफिसात माझ्या गैरहजेरीची दखल फक्त ॲपने घेतली होती, बुकिंग रद्द न केल्याबद्दल. दुसऱ्या महिन्यात तिने मला एक लॉकर मिळवून दिला, दाराच्या आतून एक हुक आहे. त्याला माझी एसीत पांघरायची शाल असते.

२०२५ मध्ये, १ ऑक्टोबरला, खंडेनवमीच्या सकाळी तीच फुलांची पिशवी घेऊन दारात उभी होती. "ताई, पूजा कशाची करायची हो? सगळी टेबलं तर रोज बदलतात." वकीलबाई, बियाणंवाले भाऊ, मी, सगळे जमलो. बरीच चर्चा झाली. कॉफीच्या यंत्राचं नाव निघालं, पण ते भाड्याचं. वायफायचा राउटर छतात. शेवटी कोपऱ्यातल्या मोठ्या प्रिंटरवर एकमत झालं. तो एकटाच रोज जागच्या जागी असतो आणि त्याच्याशी सगळ्यांचं कधी ना कधी भांडण झालेलं आहे. धाकट्या भावाने नारळ फोडला, वकीलबाईंनी हळदकुंकू लावलं, मी झाकणावर झेंडूची माळ घातली.

माळ जरा सैल झाली असावी. दुपारी प्रिंटर अडकला तो दसऱ्यानंतरचा शुक्रवार उजाडेपर्यंत. मेकॅनिकने आतून एकच पाकळी काढली, भाजून चपटी झालेली, बियाण्यांच्या बिलाला चिकटलेली.