‘ध’ की एस्त्सेट? टिंबं तर तीच!

ब्रेलच्या एका घरात सहा टिंबं: डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. त्यातली २-३-४-६ बोटाखाली आली की भारती ब्रेल (भारतीय भाषांचं ब्रेल) वाचणारा ‘ध’ म्हणतो. फ्रेंच माणूस तिथे ग्राव्ह चिन्हाचा ‘ई’ (è) वाचतो, जर्मन एस्त्सेट (ß हे अक्षर) वाचतो आणि इंग्रज अख्खा ‘द’ (the) हा शब्द.

याचं मूळ लुई ब्रेलच्या मांडणीत आहे. दहा-दहा घरांच्या ओळी. पहिल्या ओळीला टिंब ३ जोडलं की दुसरी, ३ आणि ६ जोडली की तिसरी, नुसतं ६ जोडलं की चौथी. फ्रेंच मुळाक्षरं तिसऱ्या ओळीच्या मध्यावर संपली आणि उरलेली घरं चिन्हांकित अक्षरांना, म्हणजे è सारख्या डोक्यावर खूण असलेल्यांना, मिळाली. डब्ल्यू फ्रेंचला फारसा लागत नसे, म्हणून तो पार चौथीच्या शेवटी.

ही चिन्हांकित अक्षरं इंग्रजीला नकोच होती. मग १-६ला सीएच, १-४-६ला एसएच, १-४-५-६ला टीएच बसले. भारतीत याच घरांत छ, श, थ आहेत, त्यामुळे इंग्रजी आपल्याला ओळखीची वाटते. जर्मन मात्र चकवते. तिथे १-६ म्हणजे एयू, १-४-६ म्हणजे ईआय आणि १-४-५-६ म्हणजे सीएच. सवयीने वाचलं तर ‘हाउस’चं ‘ह-छ-स’ होतं आणि ‘इश’ म्हणजे ‘मी’, त्याचं चक्क ‘इ-थ’!

जर्मन ब्रेलच्या पायऱ्या आहेत. बाझिसश्रिफ्ट या पायाभूत लिपीत एका घरात बसणारे असे अक्षरगट नसतात, फोलश्रिफ्ट या पूर्ण लिपीत आठ असतात. कुर्त्सश्रिफ्ट ही संक्षेपांची लिपी त्याच्याही पुढची, तिची घाई नको.

फोलश्रिफ्ट लिहिताना खरी फसगत जोडशब्दांत होते. एसटीचं घर २-३-४-५-६. ‘हाउसट्यूर’ म्हणजे घराचं दार. हाउस आणि ट्यूर यांची शिवण नेमकी एस आणि टीच्या मधून जाते. इथे एसटीचं घर वापरायचं नाही. एस (२-३-४) आणि टी (२-३-४-५) वेगळे लिहायचे. ‘हॉइसशेन’ म्हणजे छोटं घर. त्यातही एस हाउसचा आणि सीएच प्रत्ययाचा. एससीएचचं घर (१-५-६) वापरलं तर वाचणारा ‘हॉयशेन’ म्हणून अडखळतो.

पण ‘फेन्स्टर’, म्हणजे खिडकी, हा एकच शब्द. उच्चारात तो फेन्स-टर असा तुटला तरी एसटीचं घर तिथे चालतं. पाहायची ती शब्दाची शिवण, उच्चाराचे तुकडे नाहीत. म्हणून आधी शब्द सोडवावा, मगच घरं मोजावीत. सॉफ्टवेअरने केलेल्या रूपांतरातही पहिली तपासणी एसटी आणि एससीएचची करावी.