पावसाळ्यानंतरची एअर रायफल-तपासणी

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि गुण दशांशात मोजले जातात, तेव्हा पाव मिलिमीटरच्या फरकाने एक दशांश हातचा जातो. म्हणूनच शॉट ९.८ ला गेला, तर तो आपल्यामुळे गेला की रायफलमुळे, हे नेमबाजाला निःशंकपणे सांगता आले पाहिजे. देखभाल करायची ती या खात्रीसाठी. २०२४ साली पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी रायफल नेमबाजीच्या ५० मीटर थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यानंतर आमच्या रेंजवर येणाऱ्या नव्या मुलांचे पालक हौसेने महागडी रायफल घेऊन देतात. मात्र ती सांभाळायची कशी, हे त्यांना क्वचितच कोणी सांगते.

कोणतीही तपासणी सुरू करताना नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) उघडावा आणि आत पेलेट म्हणजे शिशाची छोटी गोळी नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दाबलेल्या हवेचा सिलिंडर काढून ठेवला तरी एखाद्या शॉटपुरती हवा आत उरू शकते, त्यामुळे नळी मोकळी असल्याची खात्री केल्यावर लक्ष्याच्या दिशेने ट्रिगर दाबून ती हवा सोडून द्यावी. त्यानंतर सेफ्टी फ्लॅग म्हणजे चमकदार रंगाची दोरी नळीतून आरपार घालावी. दोरी दोन्ही टोकांना दिसल्याखेरीज मी कोणाला स्क्रूला हात लावू देत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे, विशेषतः मुंबई-कोकणात, सर्वाधिक त्रास देते ती हवेतली आर्द्रता. सिलिंडर भरणाऱ्या कंप्रेसरमधील ओलावा शोषणारा फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर दमट हवा सिलिंडरमध्ये आणि तिथून रेग्युलेटरमध्ये, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागात, जाते, आतले भाग गंजू लागतात आणि दर शॉटला पेलेटचा वेग थोडा थोडा बदलू लागतो. सिलिंडर सावकाश भरावा, कारण घाईने भरल्यास तो तापतो आणि थंड झाल्यावर दाब उतरलेला दिसतो. गळतीची शंका असल्यास रात्री गेजवरचा आकडा लिहून ठेवावा आणि सकाळी, साधारण तेवढ्याच तापमानात, पुन्हा पाहावा. ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, उत्पादकाने सांगितलेले सिलिकॉन ग्रीसच अगदी पुसटसे लावावे. घरात सहज मिळणारे शिलाई मशीनचे तेल तिथे कधीही नको. उच्च दाबाच्या हवेशी खनिज तेलाचा संबंध आला, तर ते पेट घेऊ शकते.

नळी साफ करताना फेल्टचे बोळे मागच्या बाजूने घालून तोंडाकडे न्यावेत आणि तारेचा ब्रश वापरू नये. पहिला बोळा शिशाच्या भुकटीने काळा होऊन येतो, पुढचे हळूहळू फिके होत जातात. तो रंग पाहूनच कुठे थांबायचे ते कळते. स्वच्छ केल्यानंतर पहिले काही शॉट इकडे तिकडे जातात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री हे काम काढू नये. पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये, हे लहान मुलांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण शिसे विषारी आहे.

ग्रुप अकारण फुटू लागला, म्हणजे एकाच नेमाचे शॉट विखुरू लागले, की बहुतेक जण आधी पेलेटला दोष देतात. मी मात्र आधी एलन की घेऊन नेम धरण्याच्या मागच्या साइटचा, पुढच्या साइटच्या टनेलचा (नळकांड्याचा) आणि स्टॉक म्हणजे रायफलचा दस्ता धरून ठेवणारा स्क्रू पाहते. स्क्रू ताकद लावून आवळू नयेत. उत्पादकाने सांगितलेला ताण टॉर्क स्क्रू-ड्रायव्हरने द्यावा.

कॅनव्हासचे जॅकेट घामट अवस्थेत बॅगेत कोंबल्यास त्याला बुरशी धरते आणि त्याचा आकार बिघडतो. ते हँगरवर सावलीत वाळवावे.

खंडेनवमी पाऊस ओसरत असताना येते, म्हणून वार्षिक तपासणीसाठी मला तोच दिवस सोयीचा वाटतो. पूजेत हळदकुंकू स्टँडला वाहावे, नळीला किंवा बोल्टला नाही. त्याच दिवशी सिलिंडरवरची तारीखही वाचावी. साधारणतः निर्मितीपासून दहा वर्षांची मुदत दिलेली असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. तो हवा काढून उत्पादकाच्या सूचनेनुसार निकामी करावा. दोनशे बारच्या दाबाची ती वस्तू नवख्या मुलाला स्वस्तात विकणे मला अक्षम्य वाटते.